नव्या पितळी मुठीवर दोनशे वर्षं कशी चढवायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हौशी नाट्यसंस्थेसाठी बाजारातून तलवार आणलीत, पातं बोथट, मूठ पितळी आणि लखलखीत. नाटक पेशवाईच्या उत्तरार्धातलं आणि तलवार घरात तीन पिढ्या वापरात असलेली दाखवायची आहे. तुम्ही मुठीवर काळा स्प्रे मारलात, वाळायच्या आत फडक्याने पुसलात, आणि मूठ जुनी दिसायच्या ऐवजी चुलीवरून उतरवलेल्या पातेल्यासारखी दिसायला लागली.

असं होणारच होतं. माझी पहिली पाचसहा कामं अशीच बिघडली होती. नाटक-मालिकांसाठी शस्त्रं आणि भांडीकुंडी तयार करायला लागून मला वीसेक वर्षं झाली. एवढ्या काळात एक गोष्ट पक्की कळली आहे: जुनी वस्तू ही काळी वस्तू नसते. ती काही ठिकाणी काळी आणि काही ठिकाणी नव्यापेक्षाही जास्त चकचकीत असते. हा फरक कुठे पडायचा ते वापरणाऱ्याचा हात ठरवतो. स्प्रे सगळीकडे सारखा बसतो, म्हणून डोळा फसत नाही.

खात्री करायची तर घरातली जुनी समई बघा. तिला दर सणाला चिंच नाहीतर पितांबरी लागते. हात फिरतो तिथलं पितळ इतकं गुळगुळीत झालेलं असतं की मूळ नक्षीच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात. गोल कड्यांच्या खाचांत मात्र तेल, धूर आणि न निघालेली चिंच यांचा चॉकलेटी थर बसलेला असतो. आणि तळाशी, जिथे कोणी कधी घासतच नाही, तिथे हिरवट झाक. एकाच वस्तूवर तीन रंग आणि तिन्हींना कारण आहे. तुमच्या मुठीवर आपल्याला हेच करायचं आहे.

तेव्हा कामाला हात घालायच्या आधी त्या तलवारीची गोष्ट ठरवा. कमरेला लावून रोज घोड्यावर बसणाऱ्या माणसाच्या तलवारीची मूठ वेगळी झिजते. वाड्याच्या माळ्यावर गुंडाळून ठेवलेली झिजत नाही, नुसती डागाळते. आणि जी फक्त खंडेनवमीला बाहेर निघते, तिच्या खाचांत वर्षानुवर्षांचं हळदकुंकू तेलात कालवून बसलेलं असतं. तुमच्या नाटकात आजोबा लढले, बापाने जपली आणि नातू आता पुन्हा उपसणार, असं असेल तर तिन्ही थर एकावर एक हवेत. तळाला झिज, वर डाग, सगळ्यात वर कुंकू. क्रम उलटा झाला की खोटेपणा लगेच कळतो.

आता मूठ हातात घ्या आणि खरंच धरून बघा. आपल्याकडच्या तलवारीची पकड तोकडी असते, चार बोटं जेमतेम मावतात. तळहाताचा मागचा भाग वरच्या कटोरीला, म्हणजे मुठीच्या टोकाच्या बशीसारख्या चकतीला, आतून टेकतो, म्हणून कटोरीची आतली कड झिजते. तिचा वरचा भाग हातात येत नाही, पण भिंतीला, खोगिराला, दाराच्या चौकटीला आपटतो. तिथे झिज नको, पोचे हवेत. पकडीचा फुगीर मधला भाग सगळ्यात चकचकीत. बरेच लोक तर्जनी आडव्याच्या, म्हणजे पकड आणि पातं यांच्यामधल्या आडव्या दांडीच्या, पुढे काढून धरत, तेव्हा तिथे एक बोटाएवढा गुळगुळीत पट्टा. बोटांसमोरून वर जाणारी कमान, जिला आम्ही परज म्हणतो, ती बाहेरून खरचटलेली आणि आतून मळलेली असते, कारण आत फडकं पोचत नाही. आणखी एक गोष्ट सहसा कोणी करत नाही: मुठीच्या दोन बाजू वेगवेगळ्या ठेवायच्या. तलवार डाव्या कमरेला लटकते. अंगाकडची बाजू शेल्यावर, अंगरख्यावर घासून घासून मऊ होते, बाहेरची बाजू टक्केटोणपे खाते.

पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे, कोल्हापुरात नवीन राजवाड्याचं संग्रहालय आहे. जमलं तर एक दुपार तिथे घालवा, पण पाती बघू नका, मुठी बघा. जुन्या मुठी बहुतेक लोखंडी असतात हे तिथे चटकन लक्षात येईल. काहींवर कोफ्तगिरी असते, म्हणजे लोखंडावर बारीक आडव्याउभ्या रेघा मारून त्यात सोन्याचांदीची तार ठोकून बसवलेली. ती झिजलेली जवळून बघण्यासारखी असते: उंचवट्यावरची तार गेलेली, तिच्याखालच्या जाळीसारख्या रेघा उघड्या पडलेल्या, आणि खोलगट भागात सोनं अजून तसंच. हा नमुना डोक्यात ठेवा, पुढे कामाला येईल. पितळी मुठीही असायच्या, त्यामुळे तुमची मूठ चुकीची आहे असं नाही. शिवाय मूठ आणि पातं एकाच वयाचं असायलाच हवं असंही नाही. फिरंग नावाच्या तलवारीचं पातं परदेशातून यायचं आणि मूठ इथली बसायची. मूठ सैल झाली, मोडली तर बदलायचे. फक्त दोन्हींच्या जुनेपणाची जात जुळली पाहिजे. मळलेली मूठ आणि आरशासारखं पातं, हे चालत नाही.

आता प्रत्यक्ष काम.

पहिलं, तो स्प्रे काढा. थिनरमध्ये भिजवलेलं फडकं पाचेक मिनिटं गुंडाळून ठेवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. याच वेळी आणखी एक गोष्ट निघेल. बाजारातल्या बहुतेक पितळी वस्तूंवर काळं पडू नये म्हणून पारदर्शक लॅकर मारलेलं असतं. ते राहिलं तर पुढचं कुठलंही रसायन धातूपर्यंत पोचणार नाही, ठिपक्याठिपक्यांनी लागेल. लॅकर निघालं का ते बघायला पाण्याचा थेंब टाका. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर अजून थर किंवा तेलकटपणा आहे. पसरला तर पितळ उघडं झालं.

थिनरने घासताना मूठ हलते का तेही बघा. आपल्याकडे पातं मुठीत राळेने किंवा लाखेने बसवायची पद्धत आहे, आणि नव्या तलवारीतही काही कारागीर तेच करतात. लाख तापवली की सुटते. म्हणून मुठीला गॅसची ज्योत दाखवून रंग आणायचे जे व्हिडिओ फिरतात ते आपल्या तलवारीवर करू नका. प्रयोगात पातं प्रेक्षकांत गेलं तर नाटक तिथेच संपलं.

आणि हो, ती नक्की पितळीच आहे ना? लोहचुंबक लावा. चिकटलं तर आत लोखंड आहे, वर पितळेचा नुसता मुलामा. न चिकटता कानशीने आतल्या बाजूला एक ओरखडा काढल्यावर करडा-पांढरा धातू दिसला तर ते जस्ताचं मिश्रण. त्याला मोरचुदाचं पाणी पुरतं, द्राक्षवाले बोर्डोच्या फवारणीसाठी वापरतात तेच. जस्त त्याने मिनिटाभरात काळं पडतं. पिवळं दिसलं तर पितळ, पुढे वाचा.

दुसरं, कडा मारा. हे काम सगळे टाळतात आणि नेमकं यातच निम्मं यश असतं. ओतीव मुठीच्या कडा करकरीत असतात, साच्याची शिवण दिसते, नक्षीच्या रेघा कालच कोरल्यासारख्या असतात. आधी बारीक कानस, मग १२० चा पॉलिश पेपर, मग २२०, शेवटी ४००. हात लागतो तिथेच. कटोरीच्या कडेवर तीनचार पोचे द्या: लाकडी ठोकळ्यावर ठेवून खिळ्यांच्या पिशवीने मारा, म्हणजे पोचे एकसारखे येत नाहीत. हातोडीने मारलेले पोचे सगळे गोल येतात आणि ओळखू येतात. परजेवर सायकलच्या जुन्या चेनने दोनचार फटके. मग त्या पोच्यांच्या कडाही थोड्या घासा, कारण ते पोचे काल नाही, आजोबांच्या काळात पडलेत.

तिसरं, काळं करणं. इथे दोन रस्ते आहेत आणि मी दोन्हींवरून पडलोय.

अमोनियाचा रस्ता सुंदर रंग देतो. केमिकलच्या दुकानात लिकर अमोनिया मिळतो. झाकणाच्या प्लास्टिक बादलीत वाटीभर अमोनिया, वर सुतळीने टांगलेली मूठ, झाकण घट्ट, बादली गच्चीवर. तारेने टांगू नका, तार स्वतःच रंगते आणि तिचा वण उमटतो. चारपाच तासांत मधासारखा तपकिरी, रात्रभरात जैतुनी. आधी मिठाचं पाणी शिंपडलं असेल तर निळा-हिरवाही. हातमोजे, चष्मा, आणि झाकण उघडताना वारा पाठीमागून येईल असे उभे राहा. घरात करायचं नाही.

पण एका प्रयोगासाठी मी हे केलं ते सुतारकामाच्या पट्टीएवढ्या पातळ परजेवर. ती परज गार असतानाच वाकवलेली होती. रंग झकास आला. तिसऱ्या तालमीला मूठ घट्ट धरली आणि परज वाकवलेल्या जागी चटकन तडकली, जणू पापड. नंतर कळलं की हा आजार जुना आहे आणि आपल्याच देशात सापडलेला. इंग्रजांच्या फौजेतली पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांमध्ये ठेवलेली असायची आणि आपोआप तडकायची. घोड्यांच्या मुताचा अमोनिया, दमट हवा आणि पितळात दाबून बसलेला ताण, तिन्ही एकत्र आले की भेग पडते. १९२१ साली त्याचं कारण नीट मांडलं गेलं. तेव्हा जाड ओतीव मुठीला अमोनिया चालेल, पत्रा वाकवून केलेल्या भागांना नाही. तुमच्या मुठीची परज ओतीव आहे की नंतर वाकवून बसवली आहे हे जोडावर दिसेल. झाळ दिसली तर अमोनिया विसरा.

दुसरा रस्ता फेरिक क्लोराइडचा, आणि मी आता हाच वापरतो. इलेक्ट्रॉनिक्सवाले सर्किट बोर्ड खरवडायला वापरतात ते. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला कुठल्याही सुट्या भागांच्या दुकानात मागा. तयार द्रावणाचा एक भाग आणि दहा भाग पाणी, एवढं पातळ पुरतं. पात्याला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून चिकटपट्टी लावा, कारण हे पाणी लोखंड खातं. ब्रशने मुठीवर लावा. पितळ आधी तांबूस, मग चॉकलेटी, मग काळपट होतं. एकदोन मिनिटांत धुवा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, पुन्हा धुवा. हवा तो गडदपणा एकदम आणू नका, तीनचार वेळा करा. दर वेळी थोडं वेगळ्या जागी जास्त लागतं आणि म्हणूनच ते खरं वाटतं. धुण्याचं काम स्वयंपाकघराच्या स्टीलच्या सिंकमध्ये करू नका. स्टेनलेस स्टीललाही ते डागवतं, आणि ते डाग कशाने जात नाहीत हे घरच्यांना समजावणं तलवारीपेक्षा अवघड जातं.

उकडलेल्या अंड्याची युक्ती कोणीतरी तुम्हाला सांगेलच. ती तांब्याला आणि चांदीला चांगली लागते, पितळेला रडतखडत. अंडी खा.

आता मूठ सगळी काळी-चॉकलेटी आहे. म्हणजे तुम्ही स्प्रे मारून जिथे होता तिथेच परत आलात, फक्त आता रंग धातूत आहे, धातूवर नाही. इथून मागे यायचं, आणि हे मागे येणं हीच खरी कला. बहुतेक लोक हिरव्या घासणीने उंचवटे घासतात. ठीक आहे, पण घासणी जिथे तुम्ही नेता तिथेच जाते आणि तुमचं डोकं तिला फार सुबक नेतं. मी काय करतो ते सांगतो. चामड्याचा जुना हातमोजा घ्या, वेल्डिंगवाल्यांचा असतो तो. तळव्याला आणि बोटांना ब्रासो चोळा. आता तलवार धरा. नुसती धरू नका. उपसा, म्यान करा, फिरवा, खांद्यावर घ्या, कमरेला लावून मुठीवर हात ठेवून उभे राहा, जसं तुमचं पात्र उभं राहील तसं. अर्धा तास. नाटकातलाच नट असेल तर त्यालाच द्या, तालीमही होईल आणि कामही. मोजा काढून मूठ पुसा. जिथे हात जातो नेमकं तिथे पितळ उजळलेलं असेल आणि कडेला ती उजळ कशी हळूहळू काळ्यात मिसळते ते बघाल तर स्वतःच चकित व्हाल. असं मिश्रण ब्रशने करायला मला दोन दिवस लागायचे आणि तरी जमायचं नाही.

अंगाकडच्या बाजूला जाड सुती कापडाने दहा मिनिटं पुसा, मोज्याने नाही. तिथे चकाकी नको, मऊपणा हवा.

चौथं, मळ. तेलरंगातला बर्न्ट अंबर आणि थोडा काळा, टर्पेंटाइनमध्ये चहाएवढा पातळ. खाचांत सोडा, पाच मिनिटांनी वरचा पुसा. तुम्ही स्प्रेने जे करायला गेलात ते हेच होतं, फक्त ते शेवटून दुसरं काम आहे, पहिलं नाही. वाळल्यावर कोरड्या ब्रशने मुलतानी माती खाचांत भरा आणि फुंकर मारा. शूटिंगच्या कपड्यांवर धूळ म्हणून हीच वापरतात, झटकली की जाते. खंडेनवमीचा थर हवा असेल तर कुंकू खोबरेल तेलात कालवून काडीने फक्त आडव्याच्या आणि पकडीच्या सांध्यात भरा, मग बोटाने पुसा. जरासा लाल राहतो तेवढाच. रंगमंचावर तो कोणाला दिसणार नाही, पण नटाला दिसतो आणि तो तलवार जरा वेगळी धरतो. ही माझी अंधश्रद्धा समजा.

एक जास्तीची युक्ती, वेळ असला तर. पितळी मूठ लोखंडी दाखवायची असेल तर फेरिक क्लोराइडने अगदी काळी करा आणि उंचवट्यांवर मऊ पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटाने चोळा. सहा-बी पेन्सिल पुरते. काळ्यावर शिसं पोलादासारखं चमकतं. त्यावर खोलगट भागात जराशी सोनेरी पेस्ट भरा आणि उंचवट्यांवरून पुसून टाका, की झिजलेल्या कोफ्तगिरीचा भास होतो. आठवतं ना, सोनं खोलात राहतं, उंचावर नाही. नवे लोक नेमकं उलटं करतात.

नाटक आणि कॅमेरा यांचा हिशोब वेगळा आहे. तुमचा प्रेक्षक पंचवीस-तीस फुटांवर बसलाय आणि वरून पिवळा दिवा आहे. पिवळ्या उजेडात सगळं पितळ नवं दिसतं. म्हणून काळं आणि उजळ यातलं अंतर तुम्हाला घरात बघताना थोडं जास्त वाटेल एवढं ठेवा. मालिकेसाठी असतं तर मी निम्मं केलं असतं. घरी तपासायचं तर खोलीत अंधार करा, पिवळा बल्ब लावा आणि दुसऱ्या टोकाला जाऊन फोनने फोटो काढा. डोळा माया करतो, फोटो करत नाही.

शेवटी मेण. हे विसरलात तर घामाने मुठीचं हिरवं नटाच्या हाताला लागतं आणि हातावरून अंगरख्याला. एका दौऱ्यात पांढऱ्या अंगरख्यावर असे हिरवे डाग पडले आणि कपडेपटवाल्या काकांनी मला पुढचे चार प्रयोग चहा दिला नाही. मधमाशीचं मेण टर्पेंटाइनमध्ये विरघळवून पातळ हात द्या, टर्पेंटाइन ज्योतीवर तापवू नका, बाटली गरम पाण्यात ठेवा. वाळल्यावर फडक्याने पुसा. पारदर्शक लॅकर मारू नका. ते चमकतं आणि केलेलं सगळं काचेमागे ठेवल्यासारखं दिसतं. मेण दर दोनतीन प्रयोगांनी पुन्हा द्यायचं. आणि मधल्या काळात नटांच्या हातांनी मूठ खरोखर झिजत जाते, ती झिज पुसू नका.

दोन सूचना, त्या कायद्याच्या. घरातली खरी जुनी तलवार या कामाला घेऊ नका. १०० वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरातन वस्तू ठरते आणि तिच्यावरचं जुनेपण एकदा घासलं की परत येत नाही. तुमची नवी तलवार मात्र जुनी म्हणून कोणी विकत मागेल, कारण ती तशी दिसेल. म्हणून मी प्रत्येक मुठीत कटोरीच्या आतल्या बाजूला सालाचा आकडा पंचने ठोकून ठेवतो, हातात घेतल्याशिवाय दिसत नाही. तुम्हीही ठोका. प्रयोगाला नेताना पातं बोथट असलं तरी ती पेटीत बंद करून न्या आणि संस्थेचं पत्र जवळ ठेवा. नऊ इंचांहून लांब पात्याचा विषय शस्त्र कायद्यात येतो आणि एसटी स्टँडवर नाटकाची तालीम समजावत बसायला वेळ नसतो.

काम करताना मुठीचा फोटो प्रत्येक टप्प्याला काढा. फेरिक क्लोराइडनंतरचा फोटो बघून तुम्हाला वाटेल की सगळं वाया गेलं. तिथे थांबू नका, मोजा घाला.